पत्त्याचा रकाना

संगणकात गावांची यादी आहे.
ठकूची वाडी तीत नाही.
मी 'सांगे' निवडते आणि पुढे जाते.
बांबोळी, मुलांचा वॉर्ड, खाट अकरा,
रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटं.

ठकू बमू झोरे, वय सहा.
वर्षात चौथ्यांदा.
बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, सुटते,
ओढली जाते, सुटते.
ती बोलत नाही. बोलायला लागणारा वारा
तिने दुसऱ्या कामाला लावलाय.

नेब्युलायझरची वाफ तिच्या तोंडावर पसरते
आणि आई पोरीला घेऊन मागे सरते.
"हा धूर नव्हे," मी सांगते.
"आमच्याकडे दोनच धूर, बाय,
चुलीचा आणि काजूच्या भट्टीचा.
खाली ट्रक जातात तो धूर नव्हे, तो लाल.
हांड्यातल्या पाण्यावर त्याची साय धरते."

वाटेचं ती सांगत नाही, मीच एकेक विचारून घेते:
बमूने पोर पाठीवर घेऊन डोंगर उतरला,
दूध नेणाऱ्या टेम्पोने कुडचड्यापर्यंत आणलं,
तिथे यंत्र होतं, मुलांचा मास्क नव्हता,
मग एकशे आठची वाट बघणं.
"निघालात कधी?"
"गुरं आत घेतली तेव्हा."
म्हणजे संध्याकाळी. मी घड्याळाकडे बघायचं टाळते.

मग ती कमरेच्या पिशवीतून काढते
पाण्याची बाटली, बूड भोसकून तापवून गोल केलेलं,
त्यात बसवलेला पंप.
चवथीच्या वेळी मीच दाखवलं होतं कसं करायचं.
माझ्यापेक्षा सफाईने केलंय तिने.
मी पंप हातात घेते, हलवते.
पिसासारखा.

"रोज दिलास?"
"रोज. सकाळी दोन, रात्री दोन.
दहा मोजेपर्यंत श्वास धरायला लावते.
एक दिवस चुकले नाही."
"अजून फुस्स होतं?"
"होतं की."

दोनशे फवारे, दिवसाला चार.
दिवाळीआधीच संपला असणार.
संपला तरी फुस्स होतं
हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.
मीसुद्धा.

माझ्या शाल्मलीलाही हाच पंप, हाच रंग.
ताळगावच्या फ्लॅटमध्ये एक कपाटात, एक दप्तरात,
एक म्हापशाला मावशीकडे, असावा म्हणून.
तिच्या मास्कवर बेडूक आहे.
हा वॉर्ड तिने पाहिलेला नाही,
आई कामाला जाते ती जागा एवढंच तिला माहीत.
शेजारी विचारतात तर मी म्हणते, हलका आहे दमा.
फाइलवर तसंच लिहिलंय.
ठकूच्या पहिल्या कागदावरही तेच होतं,
आज काढून बघितला.

सकाळी राउंडला मोठे डॉक्टर म्हणाले,
"ही माणसं फॉलोअपला येत नाहीत."
ओपीडीचा टोकन अकरापर्यंत.
त्यांची बस पणजीत अकरा चाळीसला.
मी चार्टवर ऑक्सिजन लिहीत होते, ब्याण्णव,
लिहीत राहिले.

नऊच्या सुमारास ठकू बोलली.
"रेडकू कोणी बांधलं?"
आईने तोंड फिरवलं, पदर तोंडाशी नेला,
मग म्हणाली, "बांधलंय गे. तू गप ऱ्हा."

जाताना मी पंप दिला. एकच, स्टोअरमध्ये एकच होता.
दोनशे म्हणजे किती ते सांगू लागले
तर तिने मला थांबवलं:
"मोजता येतं, बाय. म्हशी मोजते ना मी.
सुतळीला गाठ मारीन. दोनशे झाल्या की उतरेन."
उतरेन म्हणजे परत तो डोंगर, तो टेम्पो.
दुसरा कुठे मिळेल ते मला सांगता आलं नाही.

ड्यूटी संपवून मी पुन्हा संगणकाशी बसले.
'सांगे' पुसलं. 'इतर' निवडलं.
शेजारी एक छोटी चौकट उघडली,
तिच्यात बारा अक्षरं मावतात:

धनगरवाडा, डोंगराव